विचारांची वही कशी लिहायची: विवेकनिष्ठ मानसोपचाराची घरच्या घरी सुरुवात

"मनात येईल ते लिहून काढ, मोकळं वाटेल," हा सल्ला आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी मिळालेला असतो. मग छानशी डायरी आणली जाते, आठवडाभर भराभर पानं भरतात, आणि बघावं तर सासूबाईंची नाहीतर साहेबांची तीच तक्रार रोज नव्या शब्दांत उतरलेली असते. लिहून मोकळं वाटतं हे काही खोटं नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मनाला लागलेल्या घटनांबद्दल रोज पंधरा मिनिटं लिहायला लावलं होतं आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या तब्येतीवर त्याचा चांगला परिणाम दिसला होता. पण ते लिहिणं होतं चार दिवसांचं! महिनोन् महिने तेच उगाळत बसलं की राग जिरत नाही, मुरतो.

इथे सांगतेय ती वही या डायरीपेक्षा वेगळी आहे. तिला रकाने असतात, एका पानावर एकच प्रसंग असतो, आणि पान कधी संपलं हे कळतं. माझ्या समुपदेशक बाईंनी ती माझ्याकडून लिहून घेतली. तेव्हापासून ओळखीपाळखीत बऱ्याच जणांना ती शिकवून झाली आहे आणि सगळे जवळपास त्याच चार-पाच जागी अडतात. म्हणून हे सगळं एकत्र लिहून ठेवते आहे.

थोडी पार्श्वभूमी. ही पद्धत अल्बर्ट एलिस यांची. न्यूयॉर्कमध्ये मनोविश्लेषण करणाऱ्या या माणसाला वर्षानुवर्षं भूतकाळ उकरत बसण्याचा कंटाळा आला आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची उपचारपद्धत सुरू केली. पुढे तिचं नाव रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे आरईबीटी, असं झालं. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: प्रसंगामुळे आपल्याला वाईट वाटतं, पण आपण कोलमडतो ते त्या प्रसंगाबद्दल मनात धरलेल्या हट्टामुळे. तो हट्ट शोधण्यासाठी ही वही.

काय लागेल

- साधी शंभर पानी वही. गुळगुळीत कागदाची, सोनेरी कडेची आणू नका. तिच्यात खाडाखोड करायला जीव होत नाही, आणि खाडाखोड तर भरपूर करायची आहे.
- निळं पेन आणि एक लाल पेन.
- वीस-पंचवीस मिनिटं, कोणी हाक मारणार नाही अशी.
- वही ठेवायला जागा. एकत्र कुटुंबात ही खरी अडचण असते. वही कोणी वाचेल अशी धास्ती असेल तर तुम्ही खरं लिहिणारच नाही. मग फोनमधलं पासवर्ड लावता येईल असं नोट्सचं अ‍ॅप वापरा. एरवी मात्र कागदच बरा, कारण ज्या फोनवर तो मेसेज आला तोच हातात घेऊन शांतपणे विचार करणं अवघड जातं.

वही आडवी धरून पाच रकाने आखा: परिणाम, घटना, विचार, उलटतपासणी, नवा विचार. एलिस यांच्या मूळ मांडणीत घटना आधी येते. मी परिणाम आधी लिहायला सांगते, कारण आपल्याला सगळ्यात आधी तोच जाणवतो.

राग ऐन भरात असताना वही उघडू नका. आधी पाणी प्या, एक चक्कर मारून या, भांडी घासा. पण त्याच दिवशी लिहा. चार दिवस गेले की प्रसंग राहतो आणि डोक्यात नेमकं काय आलं होतं ते निसटतं.

आता माझ्याच वहीतलं एक पान घेऊ. दहावीचा निकाल लागला, मुलीला ७८ टक्के पडले. मी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले. थोड्या वेळाने चुलत जावेच्या मुलाचे ९४ टक्के आले आणि ग्रुपवर पेढे, फुगे, हार यांचा पाऊस पडला.

१. परिणाम: काय वाटलं, अंगात काय झालं, काय केलं

या रकान्यात तीन गोष्टी लिहायच्या: भावना, शरीर, वागणूक.

भावनेपाशीच पहिली अडचण येते. आपल्याकडे "टेन्शन आलं" या दोन शब्दांत भीती, लाज, राग, अपराधीपणा सगळं बसतं. "कसंतरी झालं", "डोकं सटकलं", "मूड गेला" यांचंही तसंच. हे शब्द बोलायला ठीक आहेत, पण वहीत चालणार नाहीत. भीती, चिंता, राग, चीड, हेवा, मत्सर, लाज, अपराधी वाटणं, निराशा, दुःख, एकटेपणा अशी यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि तिच्यातून निवडा. दोन-तीन एकदम असू शकतात. प्रत्येकीसमोर ० ते १०० मध्ये आकडा टाका. आकडा अंदाजाने टाकायचा, त्यावर पाच मिनिटं घालवू नका.

माझ्या पानावर होतं: राग ८०, लाज ७०, हेवा ५०. कान गरम झाले. पोळ्या करताना भांडी आपटली. दर दोन मिनिटांनी ग्रुप उघडून पाहिला. मुलगी बोलायला आली तेव्हा "आता नको" म्हणाले.

हेवा लिहायला हात धजत नाही. लिहा. वही कोणी तपासणार नाही.

२. घटना: सीसीटीव्हीला दिसेल तेवढीच

"सगळ्यांनी माझ्या मुलीला मुद्दाम डावललं" ही घटना नव्हे. कॅमेऱ्यात "मुद्दाम" दिसत नाही, "डावललं" दिसत नाही, आणि "सगळ्यांनी" तर कधीच दिसत नाही. दिसतं ते एवढंच: ग्रुपवर ७८ टक्क्यांचा मेसेज टाकला, दोघांनी अंगठा दिला, नंतरच्या ९४ टक्क्यांच्या मेसेजला बऱ्याच जणांनी अभिनंदन लिहिलं.

एक-दोन वाक्यांत घटना बसली पाहिजे. अर्ध्या पानाच्या वर गेलात तर तुम्ही घटनेत विचार मिसळताय.

घटना पुढे घडेल अशी भीती असू शकते ("सोमवारी अप्रेझल आहे"), किंवा एखादी आठवणही असू शकते. दोन्ही चालतात.

३. विचार: इथे वेळ घालवा

खरं काम या रकान्यात आहे आणि लोक तो दोन मिनिटांत उरकतात. माझा आग्रह असा की निम्मा वेळ इथेच द्या.

आधी डोक्यात आलं ते जसंच्या तसं लिहा, अगदी शिव्यांसकट. मग तीन दुरुस्त्या करा.

पहिली, प्रश्नाचं विधान करा. "असं का वागतात हे लोक?" या प्रश्नाची तपासणी करता येत नाही, कारण तो प्रश्नच नसतो. त्याच्या पोटात "यांनी असं वागायलाच नको होतं" हे विधान असतं. ते लिहा.

दुसरी, भावना गाळा. "मला अपमानित वाटलं" हे पहिल्या रकान्यात जाईल.

तिसरी, अंदाजाच्या खाली उतरा. "त्यांना आमची किंमत नाही" हा अंदाज आहे. खरा असेल, नसेल. नवखे लोक इथेच अंदाज खोडून काढायला लागतात: "नाही नाही, त्यांनी पाहिलं नसेल, बिझी असतील." हे आरईबीटीला मंजूर नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण हाच. समजा, अंदाज खरा आहे. त्यांना खरंच किंमत नाही. मग? असं स्वतःला विचारत खाली उतरत जा. "मग काय बिघडलं?" "मग त्याचा माझ्या लेखी अर्थ काय?" दोन-तीन पायऱ्या उतरलं की तळाशी हट्ट सापडतो.

तो बहुधा या चार रूपांत असतो:

- हट्ट स्वतः: "माझ्या माणसांनी माझ्या मुलीचं कौतुक करायलाच हवं."
- आभाळ कोसळणं: "सगळ्यांसमोर शोभा झाली, याहून वाईट काय असणार!"
- सोसवत नाही: "मला हे सहनच होणार नाही."
- शिक्का मारणं: "मी आई म्हणून कमी पडले," किंवा "ही माणसंच वाईट."

बाकीची तिन्ही पहिल्यातून निघतात असं एलिस म्हणत. आता लाल पेन घ्या आणि प्रत्येक "च", "पाहिजे", "कधीच", "नेहमी" याखाली रेघ मारा. मराठीत एवढा छोटा "च" इतकं काम करतो की पानावर लाल रेघा कुठे दाटल्या आहेत ते पाहूनच हट्टाचा पत्ता लागतो.

चारही रूपं प्रत्येक वेळी सापडतील असं नाही. एक पक्कं सापडलं तरी पुढे जा.

४. उलटतपासणी: तीन प्रश्न, लेखी उत्तरं

एका वेळी एकच विचार घ्या, आणि मनातल्या मनात उत्तर देऊ नका. मनातल्या मनात आपण फार लवकर जिंकतो.

पुरावा काय? "कौतुक करायलाच हवं" असा नियम कुठे आहे? मी लिहिलं: नियम असता तर तो पाळला गेला असता. मला तसं हवं होतं, याचा पुरावा आहे. त्यांनी तसं करणं बंधनकारक होतं, याचा नाही. मी तरी दर वेळी सगळ्यांच्या मुलांच्या निकालावर लिहिते का? चुलत नणंदेच्या मुलाचा आयटीआयचा निकाल आला होता तेव्हा मी अंगठाच दिला होता.

तर्काला धरून आहे का? "मला आवडलं असतं" यावरून "म्हणून त्यांनी करायलाच हवं होतं" हे निघतं का? नाही निघत. मला पाऊस थांबायला हवा आहे म्हणून तो थांबत नाही.

हा विचार धरून मला काय मिळतंय? सगळ्यात उपयोगी प्रश्न हा. झोप गेली. ज्या मुलीसाठी राग आला तिलाच "आता नको" ऐकावं लागलं. ग्रुपवरच्या कोणालाही यातलं काही कळलेलं नाही.

"सहन होणार नाही" या विचाराला एक सरळ उत्तर आहे: या क्षणी तुम्ही तो प्रसंग लिहिताय, म्हणजे सहन करताय. अवघड जातंय हे मान्य. अवघड आणि अशक्य यांत फरक करायचा.

"शिक्का" असेल तर विचारा, एका कृतीवरून अख्ख्या माणसाला गुण देता येतात का? ही अट स्वतःला लावली की समोरच्यालाही लावावी लागते, तेव्हा जरा जिवावर येतं. जाऊबाईंना "दुष्ट" म्हणायची सोय राहत नाही.

५. नवा विचार: पटेल असाच लिहा

"मी आनंदी आहे, मला कोणाच्या कौतुकाची गरज नाही" असं लिहिलंत तर पान वाया गेलं. तुम्हाला ते पटत नाही आणि मनाला ते लगेच कळतं. आवड कायम ठेवायची, हट्ट सोडायचा, एवढंच करायचं आहे. माझा मजकूर असा होता:

"कौतुक झालं असतं तर मला फार आवडलं असतं. झालं नाही, त्याचं वाईट वाटतंय आणि वाटणारच. पण ते व्हायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. हे खुपतंय, पण मी सोसू शकते. ७८ हे एका परीक्षेचे गुण आहेत. पोरीची किंमत त्यावरून ठरत नाही आणि माझी तर नाहीच नाही."

वाचा, शक्य असेल तर मोठ्याने. मग पहिल्या रकान्यातले आकडे पुन्हा टाका. माझा राग ८० वरून ३५ वर आला. लाज २० झाली. आणि "नाराजी ६०" अशी नवी नोंद झाली. हे ठीकच आहे. या पद्धतीत शून्यावर यायचं नसतं. चिंतेची काळजी व्हावी, संतापाची नाराजी व्हावी, अपराधगंडाची खंत व्हावी, खचून जाण्याचं दुःख व्हावं, एवढीच अपेक्षा. काळजी असलेला माणूस डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतो. चिंतेने ग्रासलेला रात्रभर गूगल करतो.

आकडा अजिबात हलला नाही तर तिसऱ्या रकान्याकडे परत जा. बहुतेक वेळा खरा हट्ट अजून खालीच असतो.

६. करून बघा

नुसतं लिहून विचार डोक्याला पटतो, अंगवळणी पडत नाही. एलिस यांचा यावर फार भर होता. तरुणपणी ते स्वतः मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की बोलायचं. महिनाभरात ते शंभरेक जणींशी बोलले. त्यांतली एकच भेटायला कबूल झाली आणि तीही आली नाही. पण भीती गेली, असं ते पुढे सांगत.

पुढे त्यांनी लाजेवरचे व्यायामच काढले. ते आपल्याकडे सहज जमतात. साडीच्या दुकानात पाच-सहा साड्या उघडून बघायच्या आणि "आवडल्या नाहीत" म्हणून शांतपणे बाहेर पडायचं. लोकलच्या डब्यात पुढच्या स्टेशनचं नाव खणखणीत आवाजात सांगायचं. भाजीवाल्याकडे फक्त दोन मिरच्या मागायच्या. कोणाला त्रास होईल, नोकरी जाईल किंवा कायदा मोडेल असं काही करायचं नाही.

त्या पानाखाली मी दोन कामं लिहिली: जावेला फोन करून मनापासून अभिनंदन करणं, आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या पार्टीचा फोटो ग्रुपवर टाकून रात्रीपर्यंत ग्रुप न उघडणं. दुसरं काम पहिल्याहून अवघड गेलं.

कुठे घसरायला होतं

वही दुसऱ्यावर वापरू नका. नवरा चिडला असताना "तुझा विचार अविवेकी आहे" म्हणून बघा, काय होतं ते. एलिस यांची पद्धत शिकलेले नवे लोक घरात पहिल्या महिन्यात सगळ्यात नकोसे होतात.

रोज लिहायचा नेम करू नका. आठवड्यातून दोन-तीन पानं नीट लिहिली तरी भरपूर. सुरुवातीला मध्यम प्रसंग घ्या: रिक्षावाल्याशी झालेली वादावादी, उत्तर न आलेला मेसेज. वडिलांचं जाणं किंवा मोडलेलं लग्न पहिल्याच पानावर आणू नका.

हट्ट सोडणं म्हणजे अन्याय मुकाट सोसणं नव्हे. पगार थकवलाय, हक्काची जमीन लाटलीय, तर शांत डोक्याने तक्रार करा, वकील गाठा. आणि घरात मारहाण होत असेल तर आधी वही बाजूला ठेवा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. मारणाऱ्याबद्दलचे आपले विचार तपासत बसायची ती वेळ नसते.

७. वही पुरत नसेल तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, कामावर जाववत नाही, तर ही वहीने निस्तरायची गोष्ट नव्हे. मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी बोला. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

कोणाकडे जायचं यात गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषधं तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतात, औषध देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारायला संकोच वाटू देऊ नका. समुपदेशकांच्या बाबतीत शिक्षण काय, कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे आधी विचारा. चार दिवसांच्या कोर्सवर पाटी लावणारेही आहेत. आरईबीटी शिकलेलं कोणी हवं असेल तर फोनवरच तसं विचारा.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. पुण्यात येरवडा, शिवाय ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला अशी संस्था आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागात नुसतं दाखवूनही येता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तुमची माहिती गोपनीय ठेवायची असते, आणि आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असतं. तरी पॉलिसीतल्या अटी वाचूनच क्लेम करा.

पहिल्या भेटीला सोबत न्या:

- आधार कार्ड (सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना लागतं)
- आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, आयुर्वेदिक धरून
- थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिनचे अलीकडचे रिपोर्ट असतील तर, कारण यांच्या बिघाडानेही मन खचल्यासारखं होतं
- घरात कोणाला असा त्रास होता का, याची थोडी माहिती

औषध सुरू झालं तर नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात.

वहीही न्या. पहिल्या भेटीत काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हा अलीकडची दोन-तीन पानं पुढे केली तरी निम्मं सांगून होतं. जे पान दाखवायचं नसेल ते रबर लावून बंद ठेवा आणि तसं सांगा. त्यात काही गैर नाही.